ताई, बोर्ड बदलला

ताई, तुझी तेरवी झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावत होते आणि समोरच्या खोलीतली ट्यूब मंदावली. एकदम विझली नाही. जरा दबली, तशीच थांबली, पुन्हा उजळली. माझ्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली. तोंडातून आपोआप निघालं, "ताई?"

हे आत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं असणार, कारण पान उलटण्याचा आवाज थांबला. पण ते बाहेर आले नाहीत, आणि मीही उठून काही पाहायला गेले नाही. मोटर बंद होती, ताई. म्हणून मला पाहायचं नव्हतं.

दादा तुला मागं ठेवून गेले त्या वर्षापासून आपल्या घरात ही गोष्ट चालू होती. संध्याकाळी नळ यायचा, पाणी टाकीत चढवायला मोटर सुरू व्हायची, आणि नेमकी तेव्हाच तुझी दिवाबत्तीची वेळ. मोटर सुरू झाली की घरातले सगळे दिवे क्षणभर दबायचे. तू हात जोडलेले तसेच ठेवून हळूच म्हणायचीस, "आले." घरात कोणी हसायचं नाही. हे तर आपल्या मोठ्या भावाचं नाव निघालं की मान खालीच घालायचे. मी एकदा धीर करून म्हटलं होतं.

"ताई, मोटर लागली की लाईट दबते. न्यूट्रल ढिला असेल कुठं तरी."

तू वळून पाहिलंस. माझ्यासारख्या धाकट्या जावेला तू शाळेतल्या पोरीकडे पाहावं तसंच पाहायचीस. "छोटी, मी जन्मभर पोट्ट्यायले सर्किट शिकवलं. अन् तू मले न्यूट्रल सांगून राहिली?"

"मग बघा ना एकदा."

"पायलं. ढिला आहे ते मले माहीत आहे. पण तो बी त्यायनंच बांधलेला आहे ना वं."

मी आपली कणीक मळायला आत गेले.

तो बोर्ड दादांनी आपल्या हातानं बसवला होता. रेल्वेत विजेचं काम करणारा माणूस, स्वतःच्या घराला दुसऱ्याचा हात कसा लागू देणार? रायपूरच्या बुढापाऱ्यातलं हे घर उभं राहत होतं तेव्हा तुम्ही दोघंच इथं होतात, मी आले नव्हते. सागवानी फळी, तिच्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या फ्यूजची रांग, बाजूला लोखंडी पेटीतला खटका. ते तारा ओढत होते आणि तू टॉर्च धरून उभी होतीस, हे तू इतक्यांदा सांगितलंस की मलाही आपण तिथं होतो असं वाटायचं. दोन खोल्या, चार दिवे, दोन पंखे. तेवढ्यासाठी तो बोर्ड होता आणि तेवढ्यासाठी तो चांगला होता.

मी वर्ध्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला तुझी भीतीच वाटायची. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी फ्यूज उडाला. दोघे भाऊ ड्यूटीवर. मी आपली हातपंखा शोधत होते, आणि तू स्वयंपाकघरातून लाकडी पाट आणून बोर्डाखाली ठेवलास. "ये इकडं. बाईनं हे शिकलंच पाहिजे. पुरुषमाणूस येईपर्यंत काय उकडत बसशील?"

पहिले खटका खाली. मग हात पदराला पुसून कोरडे. मग पाटावर उभं राहायचं. तू फ्यूज ओढून काढलास, जळलेली तार दाखवलीस आणि नवी माझ्या हातात दिलीस. मी दुपदरी करून बांधायला लागले, मजबूत राहील म्हणून. तू माझा हातच धरलास.

"नाही. तार बारीकच पाहिजे. तिनं जळायचं असते, म्हणून घर वाचते."

त्यानंतर मी तुला भ्याले नाही. म्हणजे भ्याले, पण वेगळ्या तऱ्हेनं.

घर वाढत गेलं, बोर्ड तेवढाच राहिला. वरची खोली झाली. फ्रिज आला, मग मोठा फ्रिज आला. गीझर आला. मी केकच्या ऑर्डरी घ्यायला लागले तसा ओव्हन आला. हे कारखान्याची रात्रपाळी करून येत आणि दिवसा झोपत, म्हणून आमच्या खोलीत एसी लागला. प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन त्याच फळीवर एक तार आणखी अडकवून जायचा. फ्यूज आधी वर्षातून एखादा उडायचा, मग महिन्यातून, मग आठवड्यातून. एका मिस्त्रीनं कटकट नको म्हणून मुख्य फ्यूजमध्ये जाड तार घातली. आठ दिवस काही उडालं नाही आणि मी खूश होते. तू फ्यूज काढून पाहिलास आणि त्या माणसाला बोलावून भर अंगणात झाडलंस. "ये तार नहीं है, ये घर जलाने का सामान है। तुम अपने घर में लगाते हो क्या ऐसा?" तो बिचारा चप्पल घालायचं विसरून गेला.

म्हणजे तुला सगळं कळत होतं. माझं कोडं तिथंच होतं, ताई. एखादी अडाणी बाई हट्ट करते तर समजून घेता येतं. खटक्याची पेटी कोमट लागायला लागली ती पहिले तुझ्याच हाताला. कधी कधी जळक्या प्लास्टिकचा, जरा मासळीसारखा वास यायचा, तो पहिले तुझ्याच नाकाला. मी म्हणायचे, "बदलून टाकू या ना." तू म्हणायचीस, "पाहू." मग मी समता कॉलनीत विजेच्या सामानाचं दुकान असलेल्या साहू भैयांना घेऊन आले. ते चांगले माणूस आहेत, तुझ्या हाताखाली त्यांची बहीण शिकलेली. बोर्डासमोर उभे राहून त्यांनी आधी नमस्कारच केला.

"दीदी, काम तो भैया ने बहुत साफ किया है। पर ये पंखा-बत्ती के जमाने का बोर्ड है। अब इसपे एसी है, गीजर है। पूरा बदलना पड़ेगा। वायरिंग भी, अर्थिंग भी। लोड भी बढ़वाना पड़ेगा।"

"मेरे जीते जी तो नहीं बदलेगा, साहू."

तू हे अगदी शांतपणे म्हणालीस आणि त्यांना चहा विचारलास. त्या दिवशी जेवणाची ताटं घेताना तूच म्हणालीस, "एका टायमाले एकच मोठी वस्तू लावायची. मग काही होत नाही. गीझर असला की ओव्हन नाही, ओव्हन असला की एसी नाही." शाळेचं वेळापत्रक लावावं तसं तू घराचं लावून दिलंस. मी ते पाळायचे. बहुतेक दिवशी पाळायचे. पाळलं की फ्यूज उडत नव्हते, आणि मला वाटलं, तुझंच बरोबर असेल.

मग तो उन्हाळा आला. रायपूरचा मे महिना मी तुला काय सांगू. भिंतीला पाठ टेकवत नव्हती. त्या दुपारी मी बाहेर ओव्हनपाशी होते, हे वर एसी लावून झोपलेले, आणि तुझ्या मागच्या खोलीतून आपल्याकडे कामाला येणाऱ्या बिसाहिन बाईचा आवाज आला. तू पलंगावर भिंतीला टेकून बसलेली, डोळे उघडे, पण आमच्याकडे पाहत नव्हतीस. अंगाला हात लावला तर चटका बसला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं, हृदय आधीच थकलेलं आहे. मी म्हटलं, अहो त्या घरातच होत्या, उन्हात कुठं गेल्याच नाहीत. ते म्हणाले, घरातही बाधते, बंद खोलीत जास्तच बाधते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू शुद्धीवर आलीस. मी चमच्यानं पाणी घालत होते. तुला ह्यांच्याबद्दल विचारायचं होतं, माझ्या पोरीला पुण्याहून बोलावलं का ते विचारायचं होतं, असं मला वाटलं. तू म्हणालीस, "घरी लाईट आहे का?"

"आहे ताई."

"ओव्हन अन् एसी एका टायमाले लावजो नको."

"हो."

रोज म्हणायचे तसंच मी हो म्हटलं. तू डोळे मिटलेस. संध्याकाळी तू गेलीस. माणसं विचारतात, शेवटचं काय बोलल्या. मी सांगत नाही. सांगितलं तर हसतील, आणि ते हसले तर मला सहन व्हायचं नाही.

तेरवीच्या दिवशी पाहुणे जेवून उठले आणि मागच्या अंगणात बिसाहिन भांडी घासत होती. मी तिच्याजवळ पाट टाकून बसले. तू गेल्यापासून ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. आताही खाली पाहूनच म्हणाली, "दीदी मंझनिया के अपन कूलर ल बंद कर देत रिहिस, बहू।"

"दुपारी? कूलर बंद? काहून?"

"कहय, छोटी के कमरा म एसी चलत हे, बोर्ड ऊपर भार परथे। मोला कहे रिहिस, झन बताबे।"

सांगू नको म्हणाली होतीस. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून, पंखा सुद्धा दोनवर ठेवून, तू आमच्या एसीच्या वेळी मागच्या खोलीत बसायचीस. वेळापत्रकात एवढा एक धडा होता आणि तो तू आम्हाला शिकवलाच नाहीस.

लोक म्हणतात अशा वेळी रडू येतं. मला राग आला, ताई. मी अंगणातच उभी राहिले आणि मला तुला गदागदा हलवावंसं वाटलं. बोर्ड बदलायचा नाही, दादांचा हात पुसायचा नाही, ठीक. मग मला म्हणायचं होतं ना, एसी बंद कर वं छोटी, मी मरून राहिली उकाड्यानं! मी केला असता बंद. ह्यांनी ओसरीवर सतरंजी टाकली असती. पण तुला बोर्डही तसाच पाहिजे होता आणि आमची झोपही मोडायची नव्हती, आणि या दोन्हींच्या मधला फरक तू आपल्या अंगावर घेतलास. मला विचारलं का? मला हे पाहिजे आहे का, एवढं तरी विचारलं का?

आणि मग ती ट्यूब मंदावली. मोटर बंद असताना.

पुढच्या दिवशीही. त्याच्या पुढच्या दिवशी तर सकाळीच, मी तुझी खोली झाडत असताना, तिथला बल्ब पिवळा झाला आणि कूलरच्या थांबलेल्या पंख्याकडे, जो मी लावलेलाच नव्हता, मी कितीतरी वेळ पाहत राहिले. आता मला जे तुझ्या वेळी खोटं वाटायचं तेच खरं वाटायला लागलं, हे माझ्या लक्षात आलं. संध्याकाळ झाली की मी दिवाबत्तीला मुद्दाम उशीर करायचे. नको वाटायचं. मग लावायचे आणि वाट पाहायचे. दबली की अंगावर काटा यायचा. नाही दबली तर त्याहून वाईट वाटायचं.

ह्यांना म्हटलं, "साहू भैयांना बोलावू या."

हे म्हणाले, "वर्ष तर होऊ दे. वहिनी म्हणाली होती ना, माझ्या जित्यापणी नाही."

"त्या आता जित्या नाहीत."

घरात ते वाक्य पहिल्यांदा कोणी बोललं होतं. दवाखान्यात 'गेल्या' म्हणालो, घाटावर 'आटोपलं' म्हणालो, तेरवीत 'शांत झाल्या' म्हणालो. हे ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. नळ बराच वेळ वाहत होता.

मीही नंतर जोर केला नाही. कारण मलाच ते नको होतं. साहू भैया आले, तार घट्ट झाली, आणि संध्याकाळी काहीच झालं नाही तर? तू दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. आता समजलं, तू स्क्रू आवळायचा पेचकस हातात असून काहून बसली होतीस ते.

मग एका दुपारी घरात मी एकटीच होते. ओव्हन बंद, एसी बंद, नुसता फ्रिज. बोर्डाजवळून जाताना आवाज आला, बारीक, गांधीलमाशी बाटलीत अडकावी तसा. वास होताच. मी पेटीला हात लावला आणि लगेच मागं घेतला. कोमट नव्हती. तव्यासारखी होती. फळीच्या कडेनं धुराची एक रेघ वर जात होती, उदबत्तीची जाते तशी, काही घाई नसलेली.

मी पाट आणला. हात पुसले. हात लावायची हिंमत नव्हती म्हणून कोरडं लाटणं घेतलं आणि खटक्याचा दांडा त्यानं खाली दाबला. तो जागचा हलेना. दुसऱ्यांदा सगळं अंग टाकून दाबला. खट्. फ्रिज थांबला. माझ्या डोक्यात तुझाच आवाज होता, पहिले खटका खाली, पहिले खटका खाली. फळी धुमसायची थांबेपर्यंत मी पाटावरच उभी राहिले, लाटणं हातात धरून. घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.

साहू भैयांनी बोर्ड उघडला तेव्हा हेही घरी आलेले होते. तारांवरचं रबर हात लावला की पापडासारखं तुटून पडत होतं. फळीची मागची बाजू तळहाताएवढी जळून कोळसा झालेली. आणि ती न्यूट्रलची तार काळीठिक्कर, दोन-तीन पदरांवर लोंबत होती.

"भाभी, ये अंदर-अंदर कब से जल रहा था। अब तो बिना मोटर के भी झटका मार रही होगी लाइट?"

मी मान हलवली. मग विचारलं, "भैया, शुरू में ही कस देते तो?"

"शुरू में? पेचकस के दो फेरे। बस।"

दोन फेरे. तुला ते येत होते, ताई. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. मग ते साहू भैयांना म्हणाले, "पूरा बदल दीजिए। जो-जो लगता है, सब।" दादा गेले तेव्हा न रडलेले, तू गेलीस तेव्हा न रडलेले हे, त्या कोळशाच्या डागाजवळ भिंतीला कपाळ टेकवून उभे राहिले. साहू भैया पेटीतलं काही तरी शोधायचं निमित्त करून अंगणात गेले.

काम बरेच दिवस चाललं. अंगणात खड्डा खोदून मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग झालं. बिजली ऑफिसमध्ये जाऊन ह्यांनी लोड वाढवून घेतला. आता दारामागं पांढरी पेटी आहे, तिच्यात छोटे छोटे खटके, प्रत्येक खोलीचा आपापला. काही बिघडलं तर तेवढाच पडतो आणि बाकीचं घर चालत राहतं. तार बांधायची गरज नाही. तुला बोर झालं असतं.

संध्याकाळी मोटर लागते. ट्यूब हलत नाही. पहिल्या दिवशी हे आणि मी दोघंही देवाजवळ उभे होतो, एकमेकांना न सांगता. काही झालं नाही. मला वाटलं होतं तसं फार वाईटही वाटलं नाही. थोडं वाटलं. अजून थोडं वाटतं.

एक गोष्ट मी तुझ्या मनाविरुद्ध केली. वेगळी लाइन टाकून मागच्या खोलीला एसी बसवला. साहू भैयांनी विचारलं, "इस कमरे में अब कौन रहेगा, भाभी?" मी म्हटलं, "लगा दीजिए।"

परवा दुपारी तो पहिल्यांदा लावला. वर ह्यांचा एसी चालू होता, ओव्हनमध्ये केक होता, सगळं एका टायमाले. बिसाहिन फरशी पुसायला आली आणि दारातच थांबली. मी म्हटलं, बैस. ती तुझ्या पलंगाजवळ फरशीवरच आडवी झाली. मी पलंगावर टेकले.

"दीदी ल बने लागतिस," ती म्हणाली. दीदीला आवडलं असतं.

"नाही. भांडल्या असत्या."

"हव," ती हसली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. "अब्बड़ लड़तिस।"

ती बघता बघता झोपली. खोली इतकी गार झाली की तिनं झोपेतच पदर अंगाभोवती ओढून घेतला. मी कपाटातून तुझी चादर काढली आणि तिच्या अंगावर टाकली. मग दाराकडे तोंड करून बसून राहिले. कोणी येऊन 'बंद कर वं ते' म्हणते का, म्हणून.

कोणी आलं नाही. मीही बंद केलं नाही.